न शिकलेलं रक्त

मृणाल सोमवारी सकाळी जहाजावर रुजू व्हायला निघाली आणि बुधवारी दुपारी परत आली. अंगणातल्या चिऱ्यांवर तिच्या बॅगेची चाकं खडखडली तेव्हा भालचंद्र खातू पडवीत वाचत बसले होते. ती एकदा गेली की तो आवाज पुन्हा सहा महिन्यांनीच ऐकायचा, अशी त्यांच्या कानांना सवय होती. त्यांनी पुस्तकात बोट घालून मान वर केली.

"काय गं? विमान चुकलं?"

मृणालने बॅग भिंतीला टेकवली, माठातलं पाणी प्यायली, भांडं जागेवर उपडं घातलं. मग त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, एक विचारते, रागावू नको. बंदरवाडीला मला टोचलं होतं ना, त्या सुईत लस होती ना?"

दुसरा कुठलाही बाप भडकला असता. खातू विचार करू लागले.

"होती," ते म्हणाले. आणि जरा वेळाने, "असणारच."

हा शेवटचा शब्द त्यांनी गिळायला हवा होता. मृणालच्या नजरेत त्या क्षणी जे आलं, ते त्यांनी सत्तावीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. बंदरावरचा अधिकारी परक्या माणसाच्या कागदांकडे बघतो तशी ती त्यांच्याकडे बघत होती.

खातू उंबरखाडीच्या आरोग्य केंद्रात एकतीस वर्षं औषधनिर्माण अधिकारी होते. हा हुद्दा फक्त पगारपत्रकावर. गावाच्या तोंडी ते कंपाउंडरच. गोळ्या मोजताना तीनदा मोजायचे, कपाटाला कुलूप लावून अर्ध्या वाटेतून परत येऊन ओढून बघायचे, आणि बघितलं होतं हे वहीत लिहून ठेवायचे. डॉक्टर बदलत गेले, पण या सवयीची थट्टा प्रत्येकाने न चुकता केली. खातूही त्यांच्याबरोबर हसायचे, कारण आपल्यात काहीतरी कमी आहे याबद्दल त्यांना स्वतःलाही शंका नव्हती.

गाव जहाजींचं. खाडीच्या अलीकडे उंबरखाडी, पलीकडे बंदरवाडी, आणि दोन्हीकडे दर दुसऱ्या घरातला एखादा माणूस कुठल्यातरी समुद्रावर. त्यामुळे सहा वर्षांपूर्वी, दोन हजार पस्तीस साली बारादिवशी ताप जगभर पसरला तेव्हा त्याची बातमी इथे शहरांच्याही आधी पोचली. तापाचं खरं नाव अक्षरं आणि आकडे मिळून बनलेलं, कुणाच्या लक्षात न राहणारं. बाराव्या दिवशी रोगी एकतर उठून बसायचा किंवा उठायचाच नाही, म्हणून लोकांनी आपलं नाव ठेवलं. लस आली. लसीचा दाखला असल्याशिवाय परदेशी बंदरात पाय ठेवायचा नाही, असा नियम आला. आणि नियमाच्या मागोमाग खोटे दाखले आले. पुढे एका तेलवाहू जहाजावर भर समुद्रात ताप फुटला, अकरा माणसं गेली, आणि त्या अकराही जणांच्या खिशात दाखले निघाले.

तेव्हापासून जगाचा कागदावरचा विश्वास उडाला. त्यातून 'साक्षी' नावाचं यंत्र निघालं आणि या वर्षीच्या जानेवारीपासून ते प्रत्येक आंतरराष्ट्रीय विमानतळावर आणि बंदरात बसलं.

साक्षी कागद वाचत नाही, रक्त वाचतं. लस म्हणजे शरीराला दिलेली शिकवणी. जंतूचा एखादा निरुपद्रवी तुकडा शरीराला दाखवायचा. रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी तो ओळखायला शिकतात आणि पुढे वर्षानुवर्षं ती ओळख जपत फिरत राहतात. अशी पेशी हजारांत एखादी. साक्षी अंगठ्यातलं दोन थेंब रक्त घेतं, त्यातल्या पेशींपुढे तोच तुकडा ठेवतं आणि कोण चाळवतं ते मोजतं. लसीने शिकलेल्या पेशी तेवढा एकच तुकडा ओळखतात. प्रत्यक्ष तापाने शिकलेल्या सबंध जंतू ओळखतात. त्यामुळे रक्ताला शिकवलं कुणी, हेही कळतं, आणि पेशींमधल्या बारीक बदलांवरून साधारण कधी, तेही. चार मिनिटांत पडद्यावर तीनपैकी एक शब्द येतो: 'लस', 'ताप' किंवा 'काही नाही'.

मृणालच्या नावापुढे 'काही नाही' आलं होतं.

"परत तपासायला सांगितलं मी. तीनदा तपासलं," ती म्हणाली. "मग एका खोलीत नेलं. दाखल्यावर सही कुणाची, विचारलं. बी. व्ही. खातू. ते तुमचे कोण? म्हटलं, वडील. तिथल्या अधिकारी बाई हसल्या, बाबा. कुत्सित नाही. सगळं समजल्यासारखं हसल्या."

खोटा दाखला दाखवला म्हणून तीस दिवसांत खुलासा करायचा होता. तो पटला नाही तर पाच वर्षं जगातल्या कुठल्याही बंदरात बंदी. सेकंड इंजिनिअर म्हणून तिची ही पहिलीच जॉइनिंग होती. पाच वर्षांनी तिला कोण विचारणार होतं?

"आज ताप वाचतायत," खातू पुटपुटले. "उद्या माणसाच्या रक्तातलं आणखी काय काय वाचतील कोण जाणे. यंत्रावर लक्ष ठेवणारं कोणी आहे का?"

"यंत्राला नावं ठेवू नको. बावीस माणसं एका लोखंडी डब्यात महिनाभर राहतो आम्ही. शेजारच्या केबिनमधल्याने खरंच लस घेतलीय ना, हे मलाही हवंच असतं कळायला." मग आवाज उतरवून ती म्हणाली, "मला फक्त माझ्या बाबतीत कळायला हवंय."

पुढच्या पंधरा दिवसांत आणखी नऊ जण परत आले. अनंत सुर्व्यांच्या मुलाला सिंगापूरला जहाजावरून उतरवलं. एकाला कोचीनहून, दोघांना मुंबईहून मागे धाडलं. सगळे बंदरवाडीचे, सगळ्यांच्या दाखल्यावर तीच सही.

गावाने निकाल द्यायला वेळ लावला नाही. कंपाउंडरने पाणी टोचलं आणि लस परस्पर बाहेर दिली, असं सलूनमध्ये बोललं गेलं ते संध्याकाळी खातूंच्या कानावर आलं. वाचनालयात ते गेले की बोलणं थांबायचं. वर्तमानपत्र उलटणाऱ्या माणसाच्या बोटांकडे बघूनसुद्धा खातूंना कळायचं, की तो वाचत नाहीये.

आणि सगळ्यात जास्त संशय घेत होते ते स्वतः खातू. पासष्टी उलटली होती. सहा वर्षांपूर्वीच्या एका दिवसाचं आपल्याला काय आठवतंय, यावर त्यांचा भरवसा नव्हता. आपण खोका चुकीचा उचलला असेल का? दुसऱ्याच कुठल्या औषधाच्या बाटल्या? त्यांनी आरोग्य केंद्रात जाऊन त्या दिवसाची नोंदवही मागितली. तिथल्या नव्या फार्मासिस्ट मुलीने ती दिली, पण समोर बसून राहिली, नजर न हलवता.

खातूंनी कागदावर दोन रकाने पाडले. सकाळी केंद्रातच टोचलेले एकशे चाळीस. दुपारी होडीने पलीकडे जाऊन टोचलेले साठ. जे जे यंत्रापुढे उभे राहिले होते त्यांच्या नावापुढे खूण केली. सकाळच्या रकान्यातले सगळे पास. दुपारच्या रकान्यातले सगळे नापास. यंत्र बिघडलं असतं तर खाडी बघून बिघडलं नसतं. आणि खोका दोन्हीकडे एकच होता, एकाच फ्रिजमधला.

दुपारच्या रकान्यात शेवटचं नाव मृणालचं होतं. बाटली एकदा उघडली की दहा डोस चार तासांत संपवायचे. उरले तर आसपास जो कोणी असेल त्याला द्यायचे, वाया घालवायचे नाहीत, असा खात्याचा रिवाज. शेवटच्या बाटलीत एक डोस उरला होता. मृणाल कॉलेजच्या सुट्टीत पलीकडे, खातूंच्या मित्राच्या बायकोकडे, रुकय्याचाचीकडे जेवायला आली होती. "ये गं, तूच घे," असं म्हणून आंब्रे सिस्टरने तिला बसवलं होतं. सिस्टर दोन वर्षांपूर्वी वारल्या. आता विचारायला कोणी उरलं नव्हतं.

रविवारी सरपंचांनी शाळेच्या हॉलमध्ये सभा बोलावली. खातू मागच्या बाकावर बसणार होते, पण लोकांनी त्यांना पुढे खुर्ची दिली. तो मान नव्हता. मृणाल त्यांच्या बाजूला उभी राहिली.

अनंत सुर्वे उठले. "खातूभाऊ, वाकडंतिकडं बोलत नाही. माझा पोरगा कपाळावर चोर लिहून घेऊन आलाय. एकदाच सांगा, त्यात पाणी होतं का?"

"नाही," खातू म्हणाले.

"मग लस कुठे गेली? यांच्या रक्तात तर नाही!"

"मला... शोधतोय मी."

"सहा वर्षांनी शोधतायत!" मागून कोणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

तेवढ्यात खिडकीजवळून नजीर मुकादम उठला. खातूंच्या वर्गातला, बंदरवाडीचा. कोळंबीचा धंदा करायचा, पलीकडे ये-जा करायला सगळं आरोग्य केंद्र त्याचीच होडी वापरायचं. खातूंची बायको गेली तेव्हा मृणाल चौथीत होती. तेव्हापासून नजीरच्या बायकोने, रुकय्याने, तिला आपल्याच घरातली मानलं होतं.

"गप्प बसा सगळे!" नजीर गरजला. "पाणी म्हणे! लसीच्या त्या पेटीला मी हात लावलाय. माझ्या होडीतून गेली ती. अनंता, तुला आठवत नसेल, त्या दिवशी भरओहोटीत होडी गाळात रुतली. हा भाल्या आणि सिस्टर चिखल तुडवत पुढे गेले, आणि मी पेटी सांभाळत दोन तास उन्हात बसलो, पाणी चढायची वाट बघत. उघडून बघितलं, तर आतल्या बर्फाच्या पिशव्यांना घाम सुटलेला. हलवल्या तर आत पाणी डचमळतंय. म्हटलं, भाल्याची लस मरते आज. मग काय केलं? कोळंबीच्या डब्यातला बर्फ काढला, वर मूठ-दोन मूठ खडेमीठ मारलं, आणि पेटीत चारी बाजूंनी ठासला. धक्क्याला लागलो तेव्हा आत हात घातला तर बोटं बधिर झाली माझी! असं जपलंय आम्ही. आणि यांच्यापर्यंत पोचायच्या आधी सगळा काढून फेकला, नाहीतर हा ओरडला असता, मासळीचा वास येतो म्हणून."

लोक हसले, पण आता वेगळं हसले. नजीरला जोर चढला.

"माझी रुकय्या पहिली बसली टोचून घ्यायला. खोटी लस या माणसाने माझ्या बायकोला दिली असती? तिला लागू पडली नाही, ती तिची तकदीर. डॉक्टरच म्हणाला, सगळ्यांना लागू पडत नाही. त्याचा राग मी कोणावर काढला नाही. तुम्ही कशाला काढताय?"

लस टोचली त्याच्या पुढच्याच वर्षी तापाची दुसरी लाट आली होती. अलीकडे कोणाला काही झालं नाही. बंदरवाडीत अकरा माणसं आजारी पडली, तीन गेली. रुकय्या त्यांतली एक.

खातू खुर्चीवर ताठ बसून होते. त्यांनी मान वळवली नाही, तरी मृणालचा हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट आवळला गेल्याचं त्यांना जाणवलं.

दोघं घरी आली. मृणालने दार लावून घेतलं.

"बर्फात मीठ," ती म्हणाली. "दहा-बारा अंश खाली गेलं असणार. शून्याच्या खाली, बाबा!"

"माहितीये."

"आणि तुझी लस गोठली तर?"

"मरते."

लस उन्हाने मरते हे सगळ्यांना ठाऊक असतं. थंडीनेही मरते, हे फार थोड्यांना. त्या लसीतला जंतूचा तुकडा तुरटीच्या जातीच्या अगदी बारीक कणांवर चिकटवलेला होता. कण सुटे असतील तोवर शरीर त्याच्याकडे बघतं आणि शिकतं. एकदा गोठली की पाण्याचे स्फटिक त्या कणांना एकमेकांवर रेटतात, त्यांचे गोळे होतात, तुकड्याचा आकार मोडतो. वितळल्यावर बाटली हलवली की पुन्हा पांढुरकं पाणीच दिसतं. सुई टोचते, दंड दुखतो, एखाद्याला तापसुद्धा येतो. रक्त मात्र काही शिकत नाही. म्हणूनच बर्फाच्या पिशव्या फ्रीझरमधून काढून लगेच पेटीत भरायच्या नसतात. त्यांना घाम सुटेपर्यंत, आत पाणी वाजेपर्यंत बाहेर ठेवायच्या, मग भरायच्या. नजीरने पाहिला तो घाम बरोबर होता. सगळं जसं हवं तसं होतं, नजीरने पेटी उघडेपर्यंत. गोठण दाखवणाऱ्या पट्ट्या पेटीत असत्या तर निदान कळलं असतं. त्या महिन्यात त्या तालुक्यालाच संपल्या होत्या. आणि पोचल्यावर रुकय्याने, आधी जेवा, मग काय ते टोचा, असा हट्ट धरला होता. तीन वाजता पेटी उघडली तोवर सगळं वितळून पूर्ववत दिसत होतं.

खातूंनी कपाटातून पस्तीस सालची आपली खाजगी वही काढली. त्यांना स्वतःच्या आठवणीची खात्री करून घ्यायची होती. मृणालने ती त्यांच्या हातातून घेतली आणि मोठ्याने वाचली.

"'पिशव्या नऊ दहाला बाहेर. नऊ पंचावन्नला भरल्या, पाणी वाजत होतं. दोनदा ऐकलं.' आणि खाली, 'संध्याकाळी पेटी धुतली. आत मीठ, कोळंबीचा वास. होडीत ठेवल्यामुळे असावा.'" तिने वर पाहिलं. तिचे डोळे चमकत होते. "बाबा, सुटलो आपण! यात सगळं आहे. मी चोर नाही, तू चोर नाहीस. उद्याच जिल्ह्याला जाऊन हे दाखवू."

"दाखवू," खातू म्हणाले. "मग नजीरला कोण सांगणार?"

"काय?"

"की रुकय्या आणि ती आणखी दोघं कशाने गेली ते. तू सांगशील? जा. आत्ता भरती आहे, होडी मिळेल."

मृणाल खाली बसली.

"त्याला कळलेलं नाही," खातू हळूच म्हणाले. "सभेत शंभर माणसांनी ऐकलं, कोणालाच कळलं नाही. इथे बर्फ जितका कडक तितका चांगला, हे सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक. त्याने जीव तोडून जपली ती पेटी. बायको पलीकडे वाट बघत होती म्हणून जपली."

"मग काय करायचं?"

"पिशव्या मी भरल्या. घाई होती, पाणी उतरत होतं, म्हणून घाम सुटायची वाट न बघता थेट फ्रीझरमधल्या भरल्या. त्याने लस गोठली. इतकंच सांगायचं."

"पण तू तसं केलं नाहीस!" मृणाल ओरडलीच. "तू दोनदा ऐकलंस! आयुष्यभर, माझंच काहीतरी चुकलं असेल, माझंच चुकलं असेल, असं म्हणत जगलास. आणि आज पहिल्यांदा लेखी सापडलंय की तुझं चुकलं नाही, तर तू..."

खातू वहीकडे बघत राहिले. त्यांनी विचारलं, "दहावीपर्यंत तुझ्या वेण्या कोण घालायचं गं?"

मृणाल वहीच्या पानावरून अंगठा फिरवत बसली. मग तिने ते पान शिवणीपाशी धरलं आणि एका दमात फाडलं. खातू दचकले. या घरात वहीचं पान कोणी कधी फाडलं नव्हतं.

जिल्ह्याच्या ठिकाणी सुनावणी जिल्हा आरोग्य अधिकारी पोंक्षे मॅडमकडे होती. खातूंचं प्रतिज्ञापत्र त्यांनी दोनदा वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"खातू, मी स्पष्ट विचारते. तुमची मुलगी अडकलीय. तीस दिवस संपायला चार दिवस उरलेत. आणि आज तुम्हाला अचानक आठवतं, की लस तुमच्या हातून गोठली. मी यावर विश्वास का ठेवू?"

"ठेवू नका," खातू म्हणाले. "यादी बघा. सकाळी केंद्रात फ्रिजमधून काढून दिली ते सगळे पास आहेत. पेटीतून गेली ते सगळे नापास. माझी मुलगी अलीकडची, पण तिला पेटीतली मिळाली. तीही नापास."

मॅडमनी यादी पाहिली. "हे केंद्राच्या नोंदवहीत लिहिलंय, 'पिशव्या नऊ दहाला बाहेर, नऊ पंचावन्नला भरल्या.' अक्षर तुमचंच ना?"

"माझंच."

"मग?"

खातूंनी एकदा खिडकीकडे पाहिलं. "मनाने लिहिलं. रोज लिहायचो तसं."

"म्हणजे न बघता वेळ टाकलीत?"

"हो."

"मग बाकीच्या नोंदी? एकतीस वर्षांच्या?"

बाजूला बसलेल्या मृणालने मान खाली घातली. खातूंचा आवाज हलला नाही. "त्यातल्याही काही तशाच असतील. आता सांगता येणार नाही."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेतला संशय जाऊन तिथे जे आलं, ते संशयापेक्षा वाईट होतं.

"बंदरवाडीत तीन मृत्यू झालेत पुढच्या वर्षी. तुम्ही काय कबूल करताय, कळतंय ना तुम्हाला? निष्काळजीपणाची चौकशी लागेल."

"मुलीसाठी मी खोटं बोललो असतो, मॅडम," खातू म्हणाले. "पण त्यासाठी तीन माणसं अंगावर घेतली नसती. कोण घेईल?"

हे मॅडमना पटलं. साक्षीच्या नियमात आतापर्यंत दोनच शक्यता धरलेल्या होत्या. माणसाने लस घेतली, किंवा घेतली नाही. घेतली पण मेलेली घेतली, याला रकानाच नव्हता. त्या दुपारी मॅडमनी वरच्या कार्यालयाशी बोलून तो पाडून घेतला. साठ जणांचे दाखले 'खरे, लस निष्फळ' असे नोंदले गेले. फसवणुकीचा शेरा निघाला. नव्याने लस घ्यायची, सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचं, आणि जहाजावर जायचं. मृणालला तिथेच टोचलं. सुई आत गेली तेव्हा ती बाबांकडे बघत होती.

बातमी फोनवरून त्यांच्या आधी गावात पोचली. चारच्या एसटीने दोघं उतरली तेव्हा नाक्यावरचे लोक बाजूला झाले. कोणी शिवी दिली नाही. अनंत सुर्वे दुकानाच्या पायरीवर उभे होते. त्यांनी खातूंकडे पाहिलं आणि पायापाशी थुंकले.

नजीर धक्क्यावर होता. होडीचा दोर हातात धरून बसला होता, सोडत नव्हता, बांधत नव्हता. खातूंनी मृणालला वरच थांबायला सांगितलं आणि ते पायऱ्या उतरून गेले.

"गोठली म्हणे लस," नजीर म्हणाला. वर न बघता.

"हो."

"म्हणजे थंडीने गेली."

"हो."

"थंडीने लस मरते?"

"मरते."

नजीर दोराकडे बघत राहिला. त्याच्या तोंडावरचा रंग उतरत चालला होता. "भाल्या, मग मी तो बर्फ घातला. मीठ मारून. सगळ्यांसमोर छाती ठोकून सांगितलं मी..."

"तुझा बर्फ दुपारचा," खातू म्हणाले. "लस सकाळीच गेली होती. केंद्रातून निघायच्या आधी, माझ्याच हातून. गेलेल्या लसीला तुझ्या बर्फाने काय होणार होतं?"

"पण पिशव्यांना घाम होता. मी डोळ्यांनी बघितला."

"दोन तास ऊन होतं डोक्यावर. घाम सुटणारच. तोवर आतलं नुकसान होऊन गेलं होतं."

नजीरने मान वर केली. पन्नास वर्षांची ओळख. शाळेत खातू खोटं बोलले की त्यांचे कान लाल व्हायचे, आणि सगळ्यात आधी ते नजीरच्या लक्षात यायचं. तो आता त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होता. डोळ्यांत, ओठांवर, कानांवर. खातूंनी चेहरा हलू दिला नाही.

"खरं सांगतोस?"

"खरं."

"कसम घे. तिची."

"रुकय्याची शपथ," खातू म्हणाले.

नजीरचे खांदे खाली आले. छातीतून लांब श्वास सुटला, बुडता बुडता वर आलेल्या माणसाचा सुटतो तसा. डोळे मिटून तो क्षणभर तसाच बसला. मग त्याने डोळे उघडले आणि खातूंकडे पाहिलं, आणि हळूहळू त्याचा चेहरा दगड होत गेला.

"म्हणजे तू मारलंस तिला."

"हो."

"आणि सहा वर्षं माझ्या घरी येऊन जेवत होतास."

"हो."

नजीर उठला. हात उगारला जाईल असं वाटलं, तो उगारला गेला नाही. त्याने दोर होडीत फेकला. "बंदरवाडीत पाऊल टाकू नकोस पुन्हा. माझ्या मयतीलासुद्धा येऊ नकोस."

इंजिन सुरू झालं. होडी कांदळवनाच्या कडेने वळली आणि पलीकडे निघाली. नजीरने एकदाही मागे पाहिलं नाही. खातू ती धक्क्याला लागेपर्यंत उभे होते.

मृणाल पायऱ्या उतरून त्यांच्यापाशी आली.

"काय म्हणाला चाचा?"

"पटलं त्याला," खातू म्हणाले.